दोनदा टाईप करा

आमच्या हॉस्पिटलात एक पद्धत आहे. कुणी पासवर्ड टाईप करायला लागलं की आजूबाजूच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. नुसती नजर वळवून भागत नाही, पूर्ण वळून उभं राहायचं. नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी हे बघून बिचकतो. मोठमोठे डॉक्टर, सिस्टर, मावशी, सगळे शिक्षा झाल्यासारखे भिंतीला तोंड लावून उभे, आणि मधे एकटा माणूस बटणं बडवतोय. ही पद्धत जिने पाडली ती आमची कुलूपताई. समोर आम्ही तिला अहो-जाहो करायचो, पाठीमागे मात्र ती सगळ्यांचीच 'ती' होती. आता ती निवृत्त झाली आहे, आणि तिच्याबद्दल एक गोष्ट मी सांगायला हवी होती ती सांगितलेली नाही. ती सांगायची म्हणजे आधी एका रविवारच्या सकाळबद्दल सांगावं लागेल. त्या सकाळी मी जितका घाबरलो तितका आयुष्यात कधी घाबरलो नाही, आणि अजूनही फ्रीजचं दार उघडताना क्षणभर माझे हात गार पडतात.

कुलूपताई आमची कॉम्प्युटर रूम सांभाळायची. दुसऱ्या मजल्याच्या टोकाला, धुतलेल्या चादरींच्या खोलीला लागून ती रूम होती. आत मशीनसाठी इतका गारवा ठेवलेला असे की बाई बाराही महिने स्वेटर घालून बसलेली दिसायची. ती भित्री होती. मी निंदा करत नाही, ती स्वतःच पहिल्या भेटीत सांगायची, 'मी जरा भित्री आहे हं, सांभाळून घ्या.' लिफ्टला भ्यायची म्हणून जिना चढायची, जिन्यावर पाय घसरेल म्हणून कठडा सोडायची नाही. सकाळी घरून निघाली की कोपऱ्यावरून परत फिरून गॅस बंद केलाय का बघून यायची. तिची मुलगी मला एकदा म्हणाली, 'काका, आईने बंद केलेला गॅस आम्हाला उघडता येत नाही, इतका आवळलेला असतो.'

मी तिच्या घरी एकदाच गेलो होतो, तिला ताप होता आणि कुठल्याशा कागदावर तिची सही हवी होती. वह्या-पेनांच्या दुकानावर दोन खोल्या होत्या आणि दाराला आतून तीन कड्या. मी बाहेर उभा, आणि आत एकेक कडी निघत्येय त्याचे आवाज ऐकतोय. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. शांत माणूस. घाबरू नकोस असं तो तिला कधी म्हणत नसे. तो म्हणायचा, 'चल, परत एकदा बघून येऊ.' असा नवरा मिळायला नशीब लागतं.

ही भीती आली कुठून, ते तिनेच मला सांगितलं होतं. तिचे वडील एका गोदामावर पहारेकरी होते. तीस शटरं, तीस कुलपं. संध्याकाळी ती त्यांचा डबा घेऊन जायची आणि त्यांच्या मागून हिंडायची. वडील प्रत्येक कुलूप एकदा ओढून बघायचे, पाठोपाठ ही दुसऱ्यांदा ओढायची. पोरीचा खेळ म्हणून वडील हसायचे. नऊ वर्षांची असताना एकदा सतराव्या शटरचं कुलूप तिच्या हातात उघडं आलं. वडिलांनी ते आत्ताच ओढून पाहिलं होतं. त्यांनी पटकन लावून टाकलं, नोकरी वाचली, पण त्यांचा चेहरा तिने पाहिला. बापाचा हातही चुकू शकतो, हे नऊ वर्षांच्या पोरीला कळायला नको होतं. तेव्हापासून ती सगळं दोनदा बघायला लागली.

आता माझ्याबद्दल. मी रक्तपेढीत काम करतो. स्वभावाने तिरसट. रांगेत माझ्यापुढचा माणूस जास्त बोलायला लागला की माझं डोकं फिरतं. आणि मला एका गोष्टीची घमेंड होती. एकोणीस वर्षांत माझा पासवर्ड एकदाही चुकला नव्हता. इतरांचे चुकायचे, रडकुंडीला यायचे, कुलूपताईला फोन करायचे. मी मात्र बोटं उचलली, टकटक केली, एन्टर मारला की दार उघडं. पासवर्डही साधासुधा नाही, चांगला चौदा अक्षरी. 'बोट चुकत नाही आपलं,' असं मी ज्याला त्याला सांगायचो. लोक ऐकून कंटाळले होते.

मग ते बदलाचं काम निघालं. हॉस्पिटलच्या मुख्य मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली होती, तिच्या जागी नवी आवृत्ती आणायची होती. कुलूपताई एक दिवस आमच्या खिडकीशी आली ती पडलेल्या चेहऱ्याने. मी चहा दिला. तिने कप दोन्ही हातांत धरला, प्यायली नाही.

"पासवर्डांचं काय करू कळत नाही, दादा."

"आहेत तसे उचला आणि टाका नव्यात."

"उचलता आले असते तर काय पाहिजे होतं! आपण पासवर्ड तसेच्या तसे ठेवतच नाही. दळून ठेवतो. तुम्ही टाईप केलंत की मशीन ते दळतं आणि आधीच्या पिठाशी जुळवून बघतं. जुळलं की दार उघडतं. पण पिठावरून गहू कुठले होते ते मलासुद्धा सांगता येत नाही."

"मग?"

"नव्या सिस्टीमची गिरणी वेगळी आहे. जुन्या गिरणीचं पीठ ती ओळखत नाही. म्हणजे एकेका माणसाने माझ्यासमोर पासवर्ड टाईप करायचा. जुनी गिरणी बरोबर आहे म्हणाली की तेच गहू लगेच नवीत टाकायचे. चारशे बारा माणसं आहेत."

"होईल हो," मी म्हणालो.

"एकाचं जरी चुकलं तर त्या माणसाला दार बंद, दादा. आणि आपलं हे हॉस्पिटल आहे."

अधीक्षकांच्या खोलीत यावर बैठक झाली. प्रत्येक विभागाचा एकेक माणूस होता, रक्तपेढीकडून मी. कुलूपताईने वहीतून वाचून दाखवलं. महिनाभर ती औषधांच्या ट्रॉलीवर लॅपटॉप घेऊन वॉर्डावॉर्डात फिरेल आणि प्रत्येकाकडून पासवर्ड दोनदा टाईप करून घेईल. अधीक्षकांनी विचारलं, दोनदा कशाला? तिला कारण सांगता येईना. "तसं बरं पडेल" आणि "मला भीती वाटते" यापलीकडे तिच्याकडे काही नव्हतं.

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "ताई, जुनी सिस्टीम तपासतेच आहे ना? ती बरोबर म्हणाली की झालं. परत कशाला? गॅस आहे का तो?"

खोलीत हशा पिकला. ती पण हसली. अधीक्षक म्हणाले, "एकदाच पुरे. लोकांना कामं आहेत." तिने वहीतली एक ओळ खोडली. ती ओळ खोडताना तिने पेन फार हळू ओढलं होतं, हे मला आज आठवतं. तेव्हा मी उठून चालू लागलो होतो.

महिनाभर ती ट्रॉली ढकलत हिंडली. ट्रॉलीचं एक चाक कुरकुरायचं, त्यावरून ती आली हे कळायचं. लोक टाईप करायचे, ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, एन्टर झाला की वळून यादीत खूण करायची. मी आज-उद्या करत शेवटच्या दिवसापर्यंत ताणलं. शेवटी ती खिडकीशी आली तेव्हा मी पिशव्यांची यादी हातात घेऊन फोनवर कुणाशी तरी भांडत होतो.

"दादा, तुम्ही एकटेच उरलात."

"आणा इकडे."

ती भिंतीकडे वळली. वळता वळता म्हणाली, "तुमच्यापुरतं तरी दोनदा टाईप करा, दादा."

"एकदाच पुरे, बाई!" मी उभ्या उभ्या, डाव्या हातात यादी धरून, उजव्या हाताने टकटक केली आणि एन्टर मारला. जुन्या सिस्टीमने बरोबर म्हटलं. "बघा," मी म्हणालो. "बोट चुकत नाही आपलं."

बदल रविवारी पहाटे झाला. रविवारी गर्दी कमी असते म्हणून. तिने सगळ्यांना निरोप दिला होता, कामावर आल्या आल्या आधी एकदा आत जाऊन बघा, काही अडलं तर मी वरच आहे. मी आठला आलो. निरोप वाचला आणि मनात म्हटलं, बघू. पेपर वाचला, चहा घेतला. दहा वाजून वीस मिनिटांनी प्रसूतीच्या विभागातून फोन आला.

एका बाईचं बाळंतपण झालं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. तिच्यासाठी चार पिशव्या आदल्या दिवशीच जुळवून ठेवल्या होत्या, आमच्या मोठ्या फ्रीजमध्ये. तो फ्रीज दोन माणसांनी आपापले पासवर्ड टाकल्याशिवाय उघडत नाही. चुकीची पिशवी चुकीच्या माणसाला जाऊ नये म्हणून. तिकडची मावशी पिशव्या न्यायचा डबा घेऊन धावत खाली आली आणि खिडकीशी उभी राहिली. तिच्या चपलेवर रक्त होतं. मला ते दिसायला नको होतं.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी आपला पासवर्ड टाकला. हिरवा दिवा. मी टाकला. लाल दिवा.

मला पहिल्यांदा खरंच वाटलं की दिवा बिघडला आहे. मग खाली ओळ आली, पासवर्ड चुकीचा, दोन संधी शिल्लक. मी खुर्चीत नीट बसलो, हात पुसले आणि चौदाच्या चौदा अक्षरं एकेक करून, बघून बघून टाईप केली. लाल दिवा. एक संधी शिल्लक.

तिसऱ्यांदा चुकलं की माझं खातं बंद होणार होतं. डॉक्टरीणबाईंनी वर फोन लावला. "ताई, खाली या, लगेच!" जिन्याचा कठडा न सोडणारी ती बाई दोन मजले किती वेळात उतरली कुणास ठाऊक, मी वर पाहिलं तर ती दारात होती, स्वेटरची बाही खांबाला अडकून उसवलेली.

"नवीन पासवर्ड देऊन टाका मला!" मी ओरडलो.

"नाही देता येत. रक्तपेढीचा पासवर्ड बदलायला माझ्याबरोबर अधीक्षकांचाही पासवर्ड लागतो." हा नियम तिनेच केला होता, एकट्या माणसाच्या हातात, स्वतःच्याही, एवढी ताकद नको म्हणून.

फ्रीज हाताने उघडायची किल्लीही अधीक्षकांच्याच कपाटात होती. डॉक्टरीणबाई त्यांच्याशी फोनवर बोलल्या. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला होते, वीस मिनिटांत पोचतो म्हणाले. फ्रीज उघडू शकणारा आमचा तिसरा माणूस सुटीवर होता, तो घरून निघाला तरी त्याहून उशीर. इतक्यात प्रसूतीच्या विभागातून पुन्हा फोन आला. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "वीस मिनिटं नाहीत. दहा म्हणतायत."

मावशीने डब्याचं झाकण आधीच उघडून ठेवलं होतं.

मी त्या बाईला पाहिलेलं नव्हतं, मला तिचा फक्त नंबर आणि गट माहीत होता. चार पिशव्या माझ्यापासून हातभर अंतरावर, एका लोखंडी दारामागे, आणि त्या दाराला मी मी आहे हे पटत नव्हतं.

कुलूपताई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. खुर्ची तिच्याबरोबर हलत होती. "किती अक्षरी आहे?" तिने विचारलं.

"चौदा."

तिने डोळे मिटले. "आठ," ती म्हणाली. "देवा रे. आठ."

"काय आठ?"

"जुनी गिरणी पहिली आठच अक्षरं दळायची. पुढचं सगळं सांडून द्यायची. माझ्या आधीच्या साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि मी विसरले. तुम्ही आठानंतर काहीही बडवलंत तरी ती बरोबरच म्हणायची. नवी सगळं दळते. तुम्ही त्या दिवशी शेवटी जे काही बडवलंत, ते आता तुमचा पासवर्ड आहे."

मला समजायला एक क्षण लागला. माझं बोट एकोणीस वर्षांत चुकलं नव्हतं असं नव्हतं. ते रोज चुकत असेल. आठ अक्षरांनंतर कुणी बघतच नव्हतं.

"पण मी काय बडवलं ते मला कसं आठवणार?"

तिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, मग मावशीकडे. मग खाली वाकली आणि माझ्या कानाशी बोलली. तिचा आवाज इतका बारीक होता की मलाच कसाबसा ऐकू आला.

"मला माहितीय. मी ऐकते, दादा. भिंतीकडे तोंड करून बावीस वर्षं काय करणार? कानावर येतं. कुणाचे किती टकटक, कुठे थांबतो, कुठे घाई करतो. मुद्दाम नाही हो. तुमचे दर वेळी वेगवेगळे यायचे. मला वाटायचं तुम्ही सारखा बदलता. त्या दिवशी अकरा आले. आठ सरळ. मग एकाच जागी दोन, लगेच लगेच. मग एक लांबचा. मग एन्टर."

अकरा. मी पडद्याकडे पाहिलं. एकाच जागी दोन म्हणजे नववं अक्षर, माझं बोट तिथे कधी कधी उसळतं. पण लांबचा एक कुठला? दहावं, बारावं, शेवटचं? घाम माझ्या चष्म्यावर ठिबकला.

"विचार करू नका," ती म्हणाली. "पिशवीच्या चिठ्ठीवर सही कशी करता? पहिली अक्षरं धड, मग एक रेघ, मग शेवटचा फराटा. तसंच टाईप करता तुम्ही. आता नीट करू नका. नीट केलंत की चौदा येतात. फक्त एन्टर मारू नका. मी सांगेपर्यंत एन्टर मारायचा नाही. मी मोजते."

ती भिंतीकडे वळली. तिच्यामागून डॉक्टरीणबाई वळल्या. डबा छातीशी धरून मावशी वळली. सवयच ती.

मी टाईप केलं.

"चौदा," ती भिंतीला म्हणाली. "पुसा."

मी पुसलं, परत केलं.

"तेरा. पुसा."

माणूस जिवाच्या भीतीने थरथरत असताना निष्काळजी कसा होणार? आयुष्यभर मी हलगर्जी केली ती सहज, श्वास घ्यावा तशी, आणि आता हवी होती तर जमेना. मी तिसऱ्यांदा केलं. ती म्हणाली, चौदा. घड्याळात दहा पस्तीस झाले होते.

"उभे राहा," ती म्हणाली. तिने वळून पाहिलं नाही. "त्या दिवशी उभे होतात. डाव्या हातात यादी होती. घ्या यादी."

मी उभा राहिलो. यादी घेतली.

आणि मग कुलूपताई ओरडली. बावीस वर्षांत तिचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. "मी म्हटलं होतं दोनदा टाईप करा! भर बैठकीत म्हटलं होतं! आणि तुम्ही हसलात! सगळ्यांना हसवलंत! गॅस आहे का म्हणालात! दोनदा टाईप करा, दादा!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाज सांगतो, त्या वेळीसुद्धा गेली. "एकदाच पुरे, बाई!" मी खेकसलो आणि बोटं आपटली.

फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"अकरा," ती म्हणाली. "आठ, दोन, आणि लांबचा. मारा."

मी एन्टर मारला.

हिरवा दिवा लागला तेव्हा दार उघडलं डॉक्टरीणबाईंनी. मावशीने चार पिशव्या डब्यात घेतल्या आणि पळाली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून वर जाईपर्यंत आम्ही तिघं तसेच उभे होतो. मग डॉक्टरीणबाई वर गेल्या आणि कुलूपताई हळूहळू भिंतीला टेकून खाली बसली. मी तिला पाणी दिलं, तिच्या दातांवर भांडं वाजत होतं.

"तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?" ती म्हणाली. मला वाटलं, चुकीबद्दल म्हणत्येय. "मी ऐकते ते. चारशे बारा माणसं माझ्या भरवशावर टाईप करतात. त्यांना कळलं की ही मोजते, तर? मी चोर ठरेन, दादा."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

बारा वाजता फोन आला. बाई वाचली होती. मुलगी झाली होती, तिचं ठीक होतं. मी शौचालयात जाऊन दार लावून घेतलं आणि किती तरी वेळ नळ सोडून उभा राहिलो.

सोमवारी अधीक्षकांच्या खोलीत पुन्हा बैठक झाली, त्याच खुर्च्या, तीच माणसं. रविवारी माझ्यासारखे आणखी नऊजण अडकले होते, सगळे लांब पासवर्डवाले, फक्त त्यांना थांबणं परवडलं होतं. अधीक्षकांनी फाईल पुढे ओढली. "पासवर्ड दोनदा टाईप करून घेतला असता तर ही चूक तिथल्या तिथे सापडली असती. का नाही घेतला?"

एकदाच पुरे असं याच खोलीत ते स्वतः म्हणाले होते. त्याआधी मी म्हणालो होतो. तिथे बसलेल्या प्रत्येकाने ते ऐकलं होतं आणि हसून घेतलं होतं. कुलूपताई उभी होती, तिच्या हातात ती वही होती, वहीत ती खोडलेली ओळ होती. तिने वही उघडली असती तरी पुरलं असतं.

"माझ्याकडून राहिलं, सर," ती म्हणाली.

मला वाटलं, आता ती माझ्याकडे बघेल. तिने बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. तिने बघितलं नाही. अधीक्षक फाईलमध्ये बघत होते. मी काय केलं? मी घाबरलो. एका बाईचा जीव माझ्या बोटावर जाता जाता राहिला होता, हे कागदावर माझ्या नावाने लिहिलं जाईल या विचाराने. मी तोंड वळवलं आणि भिंतीकडे बघत राहिलो. तिच्या फाईलला ठपक्याचं पत्र लागलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होतं.

पुढच्या आठवड्यात ट्रॉलीचं चाक पुन्हा कुरकुरायला लागलं. या वेळी सगळ्यांनी दोनदा टाईप करायचं होतं. आणि तेव्हाच ती नवीन गंमत सुरू झाली. कुलूपताई भिंतीकडे तोंड करून उभी राहायची ती दोन्ही कानांत बोटं घालून. वॉर्डावॉर्डात लोक हसले. कुणी म्हणालं, कुलूपताईने आता कानालाही कुलूप लावलं. सिस्टर तिच्या नकला करायच्या. एन्टर झाला की तिच्या खांद्याला हात लावून सांगावं लागायचं, तोवर ती तशीच उभी. कारण कुणालाच माहीत नव्हतं, डॉक्टरीणबाईंनाही वाटत होतं की तिने मोजलं ते त्या दिवसापुरतंच. मला माहीत होतं, आणि मी वचन दिलं होतं. त्या वचनाआड लपणं किती सोयीचं होतं, ते मला त्याच आठवड्यात कळलं.

शेवटी ती आमच्या खिडकीशी आली. सगळ्यांत शेवटी, मागच्यासारखीच. मी खुर्ची ओढून बसलो होतो, हातात काही नव्हतं. काय बोलायचं ते मी दोन दिवस ठरवत होतो.

"ताई," मी म्हणालो, "त्या दिवशी बैठकीत मी..."

"दोनदा टाईप करा, दादा," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

मी बटणांवर बोटं ठेवली आणि थांबलो. ती कानांत बोटं घालेल म्हणून वाट बघत होतो. तिचे हात खाली होते, उसवलेल्या बाहीला टाके घातलेला तो स्वेटर, आणि त्याच्या टोकाशी दोन्ही हात एकमेकांत धरलेले. चारशे अकरा माणसांसाठी तिने कान झाकले होते. माझ्यासाठी झाकले नाहीत.

मी एकदा टाईप केलं, आणि मग पुन्हा एकदा.

"चौदा," ती हळूच म्हणाली. "आणि चौदा."

मग तिने यादीत माझ्यापुढे खूण केली, ट्रॉली बाजूला लावली, लॅपटॉप काखेत घेतला आणि कठडा धरायला जिन्याकडे गेली.